साठची पाटी कुणासाठी?

स्टुटगार्ट,
दि. १६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

धाकटा नवी गाडी घेतो आहे आणि वेगमर्यादेच्या पाट्या वाचणारा कॅमेरा मिळावा म्हणून वरचे मॉडेल पाहतो आहे, हे परवा फोनवर कळले. “तो कॅमेरा पाटी खरोखर वाचतो, की शोरूमवाले सांगतात म्हणून मानायचे?” असे तुम्ही विचारलेत आणि तेवढ्यात फोन तुटला. तीन वर्षे मी अशीच गाडी चालवते आहे, म्हणून उत्तर सविस्तर लिहिते.

आधी गेल्या महिन्यातला प्रसंग सांगते. म्युनिककडे जाणाऱ्या महामार्गावर १२० ची मर्यादा होती. मी उजव्या लेनमध्ये होते, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग गाडीने आपणच राखण्याची सोय) चालू होता आणि वाचलेल्या पाटीप्रमाणे गाडीने आपला वेग आपणच बदलावा, ही सोयही मी चालू ठेवली होती. बाहेर पडणारा फाटा जिथे सुटतो, तिथे त्या फाट्यापुरती ६० ची पाटी होती. मला सरळ जायचे होते, पण डॅशबोर्डवरचा १२० चा आकडा पुसून तिथे ६० आला आणि गाडीने वेग सोडला. आरशात मागच्या ट्रकचे तोंड मोठे होऊ लागले, तेव्हा मी ॲक्सिलरेटर दाबला. सारे तीन-चार सेकंदांत आटोपले, पण त्या दिवसापासून ती सोय मी बंद ठेवली आहे.

यात कॅमेऱ्याने आकडा चुकीचा वाचला नव्हता, हे लक्षात घ्या. ६० ला त्याने ६० च म्हटले. ती पाटी आपल्यासाठी नाही, एवढेच त्याला उमगले नाही. नुसता आकडा ओळखणे हे काम यंत्राने केव्हाच जिंकले आहे. २०११ साली इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी ४३ प्रकारच्या पाट्यांची पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे जमवून स्पर्धा घेतली. तीत माणसांनी सरासरी ९८.८४ टक्के पाट्या बरोबर ओळखल्या, तर पहिल्या आलेल्या प्रणालीने ९९.४६ टक्के. मात्र त्या छायाचित्रांत प्रत्येक पाटी आधीच कापून, एकटी समोर ठेवलेली होती. रस्त्यावर ती कधी शेजारच्या समांतर रस्त्याची असते, कधी फाट्याची, तर कधी पुढच्या ट्रकच्या पाठीवर चिकटवलेली, म्हणजे त्या ट्रकपुरती मर्यादा सांगणारी. अशा ट्रकच्या मागे मोकळ्या रस्त्यावर माझ्या गाडीने ८० दाखवल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

शिवाय इथल्या कित्येक मर्यादा आकड्यात लिहिलेल्याच नसतात. गावाच्या नावाची पिवळी पाटी ओलांडली की मर्यादा ५०, हे चालकाने जाणून घ्यायचे असते. त्या पाटीवर फक्त गावाचे नाव. ३० च्या वस्तीत पाटी शिरतानाच एकदा दिसते आणि आतल्या सगळ्या गल्ल्यांना लागू राहते. दोन वळणे घेतली की निव्वळ कॅमेऱ्यावर चालणारी गाडी ती विसरू शकते. आकड्याखाली लहान पट्टीवर ‘रस्ता ओला असताना’ किंवा ‘रात्री १० ते सकाळी ६’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ लावणे आणखी अवघड. वायपर चालू आहेत की नाहीत यावरून काही गाड्या पावसाचा अंदाज घेतात. म्हणून कॅमेऱ्याच्या जोडीला नकाशा वापरतात, पण नकाशा जुना असला तर दोघांचे भांडण होते.

युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. चाचणीत एकूण अंतराच्या नव्वद टक्के भागात तिने मर्यादा बरोबर सांगावी, अशी अट आहे. नव्वद हा आकडा भरघोस वाटतो, पण कोल्हापूर ते पुणे हे अंतर साधारण २३० किलोमीटर धरले, तर त्यातले २३ किलोमीटर चुकीचे दाखवूनही ती उत्तीर्ण होईल. म्हणजे आपल्या घरापासून पार कागलच्या पुढेपर्यंत. ही यंत्रणा चालकाला बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती आपोआप चालू होते. माझे दोन सहकारी रोज सकाळी पट्टा बांधण्याआधी ती बंद करतात. खोट्या इशाऱ्यांनी कान किटले की खराही ऐकू येत नाही, ही लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराचीच गत.

तुम्ही एसटीत तीस वर्षे काढलीत. कंडक्टरने डबल बेल दिली तरी आरसा पाहिल्याशिवाय तुम्ही कधी गाडी हलवली नाहीत. कॅमेऱ्याची बेलही तेवढ्याच मोलाची मानावी. माझी नजर चुकलेली पाटी त्याने दाखवून दिली, असेही अनेकदा घडले आहे आणि त्या कामासाठी तो मला हवाच असतो.

आता आपल्याकडचे. जुलै २०१९ पासूनच्या गाड्या ८० ओलांडल्यावर अधूनमधून आणि १२० नंतर सतत वाजतात, ती गोष्ट निराळी. त्या इशाऱ्याचा पाटीशी काही संबंध नाही. आपली पाटीही लाल कड्याचीच, त्यामुळे ती ओळखण्यात कॅमेऱ्याला अडचण येऊ नये. पण वाढदिवसाच्या फ्लेक्सआड गेलेली किंवा झाडात बुडालेली पाटी तो कुठून वाचणार? आणि महामार्गावर एकाच फलकावर मोटारींना एक, ट्रकला दुसरी मर्यादा लिहिलेली असते, तिथे त्याने कोणता आकडा उचलावा? त्यातून आता उसाचा हंगाम. रात्री दिव्याशिवाय चालणाऱ्या ट्रॉलीमागे किती वेगाने जावे, हे कोणतीच पाटी सांगत नाही.

तेव्हा निव्वळ या सोयीसाठी वरच्या मॉडेलचे पैसे मोजू नयेत, असे माझे मत आहे. दुसऱ्या कारणाने तेच मॉडेल घेतले, तर आकडा दिसू द्यावा, इशाराही राहू द्यावा, पण वेग बदलण्याचा अधिकार गाडीला देऊ नये. आरशामागची काच, जिथून कॅमेरा पाहतो, ती रोज पुसावी.

टेस्ट ड्राइव्हला धाकट्याबरोबर तुम्हीही बसा. शिरोली नाक्यापासून कागलपर्यंत आणि जमल्यास गगनबावड्याच्या रस्त्याने थोडे जा. त्याने गाडी चालवावी आणि तुम्ही वहीत दोन रकाने करून पाटीवर काय होते आणि गाडीने काय दाखवले ते लिहावे. त्या पानाचा फोटो मला पाठवा.

आईला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची थोरली