विषय : अ‍ॅम्पच्या डाव्या चॅनलची हमिंग अन् तुमचं "लाइन खराब आहे"

नमस्कार सर्व्हिसवाले साहेब,

तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर, खेड्यातली लाइन खराब असते म्हणून. आता लिहूनच पाठवतो. मी वरूड तालुक्यातला संत्रेवाला, दिवाळीत तुमच्याकडून 300बी नावाच्या काचेच्या ट्यूबचा अ‍ॅम्प अन् हॉर्न स्पीकरची जोडी घेतली. आठ वॅटनं काय होते असं सगळेच म्हणत होते, पण हॉर्न 104 डेसिबलचे, म्हणजे एका वॅटातच एवढा आवाज की घर दणाणते, ते काही खोटं नाही निघालं. (गावात विचारतात घरात भोंगा काहून लावला, ते सोडा.)

भानगड अशी की डाव्या हॉर्नमधून सारखं घुंऽऽ येते. व्हॉल्यूम झिरो, इनपुटची वायर काढलेली, तरी येते. रात्री बाबांची खंजिरी भजनाची जुनी कॅसेट लावली, भजन संपलं अन् घुंऽऽ चालूच, तर आई म्हणे विहिरीवरची मोटर चालू राह्यली काय, पाहून ये. मी खरंच टॉर्च घेऊन गेलो. मोटर बंद.

मंग अ‍ॅम्प बंद करून, थंडा होऊ देऊन डावी-उजवी ट्यूब अदलाबदल केली, घुंऽऽ डावीकडेच. ट्यूबा तशाच ठेवून हॉर्नच्या वायरी बदलल्या, तर उजव्या हॉर्नात गेलं, म्हणजे ट्यूबा चांगल्या, हॉर्न चांगले, खराबी अ‍ॅम्पच्या डाव्या साइडला. लाइनचा दोष असता तर एकाच बाजूनं काहून आला असता? पुतण्याकडे अमरावतीलाही लावून पाह्यला, तिथंही डावीच. मागचा हमिंगचा स्क्रू फिरवला, कमी होते पण जात नाही.

तुमचा माणूस म्हणे आमच्या टेबलावर तर आवाज नव्हता. कोणता स्पीकर होता विचारलं तर 87 डेसिबलचा! अहो 17 डेसिबल म्हणजे पॉवरमध्ये पन्नास पट फरक, साध्या स्पीकरवर दबून जाते ते हॉर्नवर उघडं पडते. हॉर्नसोबत जोडी म्हणून विकता तर हॉर्नवरच तपासा नं.

अ‍ॅम्प तुमच्या खर्चानं न्या, दुरुस्त करून द्या नाही तर बदलून द्या. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर अमरावतीच्या ग्राहक आयोगात अर्ज टाकतो, बिल अन् मोबाइलवरचं रेकॉर्डिंग जपून ठेवलं आहे. फोन संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा वावरात रेंज नसते.

तुमचा ग्राहक