विनूला निवेदनाला उभं करू नकोस

प्रिय मंगे,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, ठाऊक आहे. शिव्या भेटल्यावर घाल. माझी तब्येत ठीक, शुगर होती तिथेच.

आज लिहितेय ती तुझ्या एका ओळीमुळे. "विनूचं नाव बिल्डिंगच्या गणपतीत कार्यक्रमाच्या निवेदनाला टाकलंय, आता बघते कसा दार लावून बसतो!" मंगे, ते नाव काढ. आजच काढ.

तुझा स्वभाव मला काय नवा आहे? कुमुदला पोहायला यावं म्हणून विहिरीत ढकलणारी तूच. ती अजून पाण्याजवळ जात नाही आणि तू अजून म्हणतेस, "पण बुडली का?"

आता विनूचं. जिना रिकामा आहे ना हे दाराच्या भिंगातून बघणं, लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की चपला घालूनही आतच उभं राहणं, कचरा रात्री अकरानंतर टाकणं, गाणं बंद तरी कानात इअरफोन. तू लिहिलंयस ते हे सगळं माज नाही आणि आळसही नाही. भीती आहे, आणि ती वाढते कशी ते बघ. कुणी समोर दिसलं की छातीत धडधड, तोंडाला कोरड. मागे फिरून दार लावलं की दोन मिनिटांत हायसं. हे हायसं वाटणंच घात करतं, कारण मनात पक्कं बसतं की पळालो म्हणून वाचलो. तिथेच थांबला असता तरी धडधड उतरली असती, पण ते कळायला थांबावं लागतं ना!

वर तो समोरच्याकडे बघतच नसतो. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1995 साली हे नीट मांडलं. अशा माणसाचं सगळं लक्ष स्वतःवर असतं: आवाज कापतोय का, कान लाल झाले का, हात कुठे ठेवू. काकू हसल्या की नाही ते आठवत नाही, पण आपण किती बावळट दिसलो याचं चित्र लख्ख. मग रात्री पडल्या पडल्या त्याचीच उजळणी. अमेरिकेत 2000 साली एक प्रयोग छापून आला होता. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून वर्गात पाठवलं. त्यांना वाटलं, निम्म्या लोकांनी तरी पाहिलं असणार. पाहिलं होतं जेमतेम पाव लोकांनी. तुमच्या बिल्डिंगमध्ये प्रमाण थोडं जास्त निघेल म्हणा, तिसऱ्या मजल्यावर तू आहेस.

आता करायचं काय. त्याच्याबरोबर बस आणि बिल्डिंगमधले नको वाटणारे प्रसंग एका कागदावर उतरवा. प्रत्येकाला शून्य ते शंभर मार्क. मार्क त्याचे, तुझे नाहीत! वॉचमनकडे बघून मान हलवणं वीस, सकाळी सगळ्यांच्याच कचऱ्याच्या बादल्या दाराबाहेर असतात तेव्हा आपली ठेवणं तीस, लिफ्टमध्ये कुणाबरोबर तीन मजले चाळीस, "पाणी आलं का?" असं शेजारी विचारणं पन्नास, मेन्टेनन्सचा चेक सेक्रेटरीच्या हातात देणं साठ, आरतीला उभं राहणं ऐंशी, असं काहीतरी निघेल. निवेदन शंभराच्याही पुढे, म्हणून म्हणते काढ. सुरुवात तीस-चाळिसाला करा, आणि रोज. आठवड्यातून एकदा केलं तर मधले सहा दिवस भीती पुन्हा मूळ धरते.

जाण्याआधी एक ओळ लिहायची, काय होईल असं वाटतंय? "काका नोकरीचं विचारतील आणि माझी बोबडी वळेल", इतकी नेमकी. "काहीतरी वाईट होईल" चालणार नाही, ते खोटं ठरवताच येत नाही. परत आल्यावर खाली लिहायचं, प्रत्यक्षात काय झालं. एवढंच. आवाज कसा लागला, चेहरा कसा होता, हे नाही. ती रात्रीचीच उजळणी झाली.

फसतं कुठे, तर तो लिफ्टमध्ये जाईल खरा, पण फोन कानाला लावून. मग मनात हिशेब होतो की फोन होता म्हणून निभावलं, आणि तीन मजले फुकट. इअरफोन, गॉगल, पाठ केलेली वाक्यं, हे हळूहळू सुटायला हवं. आरतीत झांजा दे हवं तर, हाताला काम असलं की पहिले दोन दिवस सोपे जातात. तिसऱ्या दिवशी काढून घे. आणि धडधड ऐन भरात असताना निघून यायचं नाही, थोडी उतरू द्यायची.

शेजाऱ्यांना उत्तरं द्यायची तो धास्ती घेतो, तर त्याला सांग, "काय, निघालास?" याला उत्तर लागत नाही, "हो, हो" पुरतं. "सध्या घरीच का?" याला एक ओळ आणि उलट एक प्रश्न: "हो, घरूनच काम. तुमचा नातू आला का?" पुढची दहा मिनिटं काकाच बोलतील.

आता तुझं. एका हाताने ढकलतेस आणि दुसऱ्या हाताने त्याचं पार्सल गेटवरून तूच आणून देतेस, वर्गणी तूच भरतेस, "तो झोपलाय" म्हणून तूच सांगतेस. दोन्ही बंद कर. पार्सल एकदम नको, आधी जिन्यापर्यंत तू, पुढे तो. आणि चारचौघांत "अरे वा, आज बाहेर!" म्हणालीस तर मी डोंबिवलीला येऊन तुझं तोंड बांधीन.

तुझ्या जाऊबाई स्टेजच्या आधी घेतात ती धडधड कमी करणारी गोळी, प्रोप्रॅनोलॉल, त्याला देऊ करू नका. त्याला दमा आहे, दम्यात ती चालत नाही. दोन-तीन महिने करूनही जिन्याची भीती सुटत नसेल, किंवा तो काम टाळायला लागला, जेवण तुटलं, किंवा संध्याकाळी बाटली जवळ करायला लागला, तर सरळ मानसोपचारतज्ज्ञ. गोळ्या दिल्या तर परिणामाला काही आठवडे जातात, मधेच मनाने सोडायच्या नाहीत. आणि समुपदेशक गाठलास तर आधी विचार, असे सराव करून घेता का? नुसत्या गप्पांनी हे हलत नाही.

रेवाचं अ‍ॅडमिशन झालं का? स्वयंपाकघराच्या फरशा बसल्या? तुझ्या पाठीचा एक्स-रे काढ म्हणून तीनदा सांगितलंय. त्या पिवळ्या साडीचं भांडण मी विसरलेले नाही, पण ते नंतर.

नाव काढताना ग्रुपवर काही लिहू नकोस. कमिटीतल्या कुणाला तरी फोन करून "निवेदन मीच करते" म्हण. तसंही माईक तुझ्या हातातून कोण घेणार आहे.

तुझी,
शुभी

ता. क. रात्री-बेरात्री त्याला फारच जड झालं तर टेलिमानसचा 14416 हा मानसिक आरोग्याचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. चिठ्ठीवर लिहून त्याच्या फ्रिजला लाव.