‘ब्लॉक प्रिंट’ हे नक्षीचे नाव की छपाईच्या रीतीचे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

छापील कापडाच्या चिठ्ठीवर ‘ब्लॉक प्रिंट’ हे शब्द हल्ली सर्रास आढळतात. मात्र ते कापड खरोखरच लाकडी ठशाने छापले आहे की ठशाच्या छपाईसारखी दिसणारी नक्षी त्यावर दुसऱ्याच एखाद्या रीतीने उमटवली आहे, याचा उलगडा त्यावरून होत नाही. कापड छपाईच्या कामात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे हा घोळ मला फार सलतो, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

निमित्त अगदी घरगुती आहे. माझ्या बहिणीने ‘हाताने छापलेले’ म्हणून घेतलेले सुती कापड मला दाखवायला आणले. मी ते टेबलावर पसरले. एका पानाच्या टोकाला रंग किंचित फराटला होता, जणू ठसा उचलताना कारागिराचा हात हलला असावा. तेथे टाचणी टोचून मी पुढे पाहू लागलो, तर बरोबर ४० सेंटीमीटरवर तोच फराटा, त्याच आकाराचा, त्याच कलाचा; आणि त्यापुढे आणखी ४० सेंटीमीटरवर पुन्हा तोच. भिंग लावल्यावर उरलासुरला संशय फिटला. पानाचा तपकिरी रंग तपकिरी नव्हताच. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे बारीक ठिपके शेजारीशेजारी पडून लांबून तो तपकिरी दिसत होता. कापड डिजिटल यंत्रावर छापलेले होते, आणि हाताची ती चूकसुद्धा संगणकावर काढून घेतलेली होती. कापड चांगले होते, रंगही पक्का होता. खोटी होती ती चिठ्ठी.

ठशाच्या छपाईत प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा लागतो. आधी बहुधा रेषांचा ठसा उमटवतात, मग भरणीचे ठसे. रंगाने भिजलेल्या गादीवर ठसा दाबायचा, त्याच्या कोपऱ्यातील खूण आधीच्या छापाच्या खुणेवर टेकवायची आणि पाठीवर मुठीचा एक ठोका द्यायचा, हे काम एका ताग्यावर शेकडो वेळा करावे लागते. ठसा दाबला की रंग कडेला सरकतो, त्यामुळे आकाराची कड आतल्या भागापेक्षा किंचित गडद दिसते. दोन छापांच्या सांध्यात कधी केसाएवढी फट राहते, कधी रंगावर रंग चढतो, आणि लागोपाठचे दोन सांधे सहसा अगदी सारखे येत नाहीत. असे कापड मी हातात घेतो तेव्हा माझी बोटे आधी त्या सांध्यांकडे जातात, कारण छापणाऱ्याचा हात तिथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

यंत्राने पहिल्यांदा हा सांधाच काढून टाकला. टॉमस बेल या स्कॉटिश माणसाने १७८३ साली कोरलेल्या तांब्याच्या रुळांनी कापड छापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. रुळाच्या पृष्ठभागावरचा रंग पोलादी पाते खरवडून काढते, कोरलेल्या खाचांतला तेवढा उरतो आणि कापड दाबले गेले की ते तो टिपून घेते. रूळ फिरतच राहतो, त्यामुळे नक्षी अखंड उमटते. फ्रान्समध्ये व्हर्सायजवळच्या जुई येथील ओबेरकाम्फ यांच्या कारखान्याच्या इतिहासात हा सगळा प्रवास दिसतो : १७६० मध्ये लाकडी ठसे, १७७० मध्ये कोरलेले तांब्याचे पत्रे आणि १७९७ मध्ये रूळ. मात्र नवी रीत आली म्हणून ठसे लगेच अडगळीत गेले नाहीत. रूळ कोरायला वेळ आणि खर्च दोन्ही फार लागत, त्यामुळे एकच नक्षी पुष्कळ लांबीवर छापायची असेल तरच तो परवडे.

पुढे जाळीची छपाई आली. चौकटीवर ताणलेल्या जाळीचा नको तो भाग बुजवायचा आणि रबरी पट्टीने उरलेल्या छिद्रांतून रंगाची खळ कापडावर ओढायची, ही ती रीत. ती हाताने करता येते, यंत्रानेही करता येते. हाताने ओढलेल्या जाळीच्या कापडाला ‘हातछपाई’ म्हटले तर माझी हरकत नाही, कारण तिथे श्रम आणि कसब हाताचेच असते; पण त्याला ‘ब्लॉक प्रिंट’ म्हणणे चुकीचेच. १९६३ साली स्टॉर्क या डच कंपनीने निकेलच्या सच्छिद्र नळकांड्यांचे फिरते जाळीयंत्र बाजारात आणले आणि मिनिटाला कित्येक मीटर कापड छापून निघू लागले. या नळकांड्याचा घेर सर्वसाधारणपणे ६४ सेंटीमीटर असतो, त्यामुळे नक्षीची पुनरावृत्ती ६४, ३२ किंवा १६ अशा त्यात बसणाऱ्या मापांत येते. बहिणीच्या कापडावरचे ४० सेंटीमीटरचे अंतर यात बसत नाही, म्हणून ते फिरत्या जाळीचेही नसावे अशी शंका मला आली.

डिजिटल छपाईत ठसा, रूळ, जाळी यांपैकी काहीच लागत नाही; संगणकावरची नक्षी यंत्र बारीक तोंडांतून शाईचे थेंब फवारून थेट कापडावर उमटवते. शाईचा थेंब इतका सूक्ष्म असतो, की एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यांतले मोजकेच भाग एका थेंबात मावतात. एकच मीटर कापड छापायचे असो की नक्षीत शंभर छटा असोत, यंत्राला त्याचे काही ओझे नाही. नमुना पाहण्यासाठी, थोड्या लांबीसाठी, छायाचित्रासारख्या चित्रासाठी तिला तोड नाही, आणि जाळ्या व उरलेली खळ धुण्यात जाणारे पाणीही वाचते. पण डिजिटल छपाईला पाणीच लागत नाही असे जे सरसकट सांगितले जाते, ते सुती कापडावरच्या रिअॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या, रंगांना लागू पडत नाही. जाळीच्या छपाईत घट्ट खळीतून सोडा, युरिया आणि घट्टपणा आणणारा डिंक रंगाबरोबरच कापडावर जातो. डिजिटल शाई घट्ट केली तर यंत्राची तोंडे तुंबतात, म्हणून ही द्रव्ये कापडाला आधीच लावून ते वाळवावे लागते. छापून झाल्यावर वाफवणे आणि न बसलेला रंग धुऊन काढणे या रंगांना कोणत्याही रीतीत चुकत नाही. शाई पातळ आणि मोजकी असल्याने ती बहुधा वरच्याच धाग्यांवर राहते. कापडाची उलटी बाजू फिकट दिसते ती त्यामुळे.

मला सर्वांत विश्वासाची वाटते ती दोषांची साक्ष. रुळाच्या पात्याला खोच पडली की ताग्याच्या लांबीवर एक बारीक रेघ उमटत जाते. जाळीचे छिद्र बुजले किंवा फाटले की तोच ठिपका दर पुनरावृत्तीला त्याच जागी येतो. डिजिटल यंत्राचे एखादे तोंड तुंबले की रंगाच्या पट्ट्यात केसासारखी फिकट रेघ दिसू लागते. ठशाच्या छपाईत हाताने झालेला दोष मात्र बहुधा एकदाच घडतो, दुसऱ्या ठिकाणी त्याचे रूप बदललेले असते. म्हणून ‘हाताच्या’ म्हणवल्या जाणाऱ्या कापडावर हाताची एकच चूक दोनदा तंतोतंत भेटली, तर ग्राहकाने विक्रेत्याला अवश्य जाब विचारावा.

माझी तक्रार डिजिटल छपाईविरुद्ध नाही. मी स्वतः तिच्यावर आनंदाने काम केले आहे आणि करीन. पण ज्या कामाला दिवस लागतात त्याचे नाव आणि मोल काही मिनिटांत निघालेल्या कापडाला मिळू लागले, तर ठसा कोरणाऱ्याने आणि छापणाऱ्याने आपल्या मजुरीचे समर्थन कशाच्या आधारावर करायचे? त्याच्या मालाशेजारी हुबेहूब दिसणारा स्वस्त माल त्याच नावाने मांडलेला असतो.

हे थांबवणे अवघड नाही. १७७४ च्या ब्रिटिश कायद्याने, त्या देशात तयार झालेले सुती कापड परदेशी मालापासून वेगळे ओळखता यावे म्हणून, त्याच्या किनारीत तीन निळे धागे विणण्याची सक्ती केली होती आणि ती १८११ पर्यंत टिकली. कापड कुठले, हे जर अडीचशे वर्षांपूर्वी काठावरच सांगता येत होते, तर ते कसे छापले हे आज चिठ्ठीवर एका शब्दात सांगायला काय हरकत आहे? धाग्याचा प्रकार आणि धुण्याच्या सूचना जिथे छापतात, तिथेच ‘छपाई : लाकडी ठसा’, ‘छपाई : हाताची जाळी’, ‘छपाई : यंत्राची जाळी’ किंवा ‘छपाई : डिजिटल’ एवढे उत्पादकांनी लिहावे आणि नक्षीच्या नावात ‘ब्लॉक’ हा शब्द वापरणे बंद करावे. वृत्तपत्रांनाही विनंती, की कापडावर लिहिताना आपल्या लेखकांनी विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता ताग्याची उलटी बाजू एकदा पाहावी आणि मगच छपाईची रीत लिहावी.

आपला विश्वासू,
कापड छपाईच्या व्यवसायातील एक वाचक