आराखडा मंजूर झाला, पण पेठेतल्या माणसाला तो दाखवणार कधी?

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मे 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि त्यात अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्याला जवळपास 1446 कोटी, जोतिबाच्या आराखड्याला जवळपास 260 कोटी मंजूर झाले. पाठोपाठ 11 जुलैला पन्हाळा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. कोल्हापूरकर म्हणून मला ह्या दोन्ही गोष्टींचा मनापासून आनंद झाला, विरोध करायला हे पत्र लिहीत नाही हे आधीच सांगतो. पण आज महाद्वार रोडला नाहीतर ताराबाई रोडला कुठल्याही दुकानात जाऊन विचारा की नक्की काय होणाराय, कुठल्या जागा जाणार, गाड्या कुठं लावणार, फुलं-ओटी विकणाऱ्या बायका कुठं बसणार, तर प्रत्येकजण वेगळं सांगतो. कारण नकाशा कुणी नीट बघितलेलाच नाही.

शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा, करायचा म्हटला तर 1966 च्या नगररचना कायद्यात हरकती आणि सूचना मागवायची सोय आहे, कमी का असेना पण लोकांना बोलायची संधी मिळते. तीर्थक्षेत्राचा आराखडा मात्र जिल्ह्यातनं निघतो, मुंबईतल्या समित्यांपुढं जातो आणि मंत्रिमंडळापर्यंत चढत जातो, आणि इथल्या माणसाला तो दिसतो व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या थ्रीडी व्हिडीओत. त्या व्हिडीओत रस्ते मोकळे, झाडं हिरवीगार. तिथं आज राहणारी, धंदा करणारी माणसं त्यात कुठंच नसतात.

इथल्या माणसाला विचारायचं का, तर त्याला काही गोष्टी ठाऊक असतात म्हणून. आपल्या किरणोत्सवाचंच बघा. नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातनं, गरुड मंडपातनं थेट देवीपर्यंत पोचतात. मधल्या काळात त्या वाटेत इमारतींचे मजले आले, टाक्या आल्या, पत्रे आले आणि किरणं अडायला लागली, मग मोजमापं करून अडथळे काढायची वेळ आली. मजले चढत होते तेव्हाच कुणी त्या वाटेवरच्या जुन्या माणसांना विचारलं असतं तर एवढी धडपड करावी लागली नसती. आता तर त्याच भागात मोठी बांधकामं होणार, तेव्हा कुठल्या इमारतीची उंची किती आणि किरणांची वाट मोकळी राहणार का, हे कामाला हात लावायच्या आधी सगळ्यांना कळलंच पाहिजे.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. आपल्याकडं येणारा बहुतेक भाविक सकाळी येतो, दर्शन घेतो, तांबडा-पांढरा रस्सा ओरपतो, चप्पल घेतो आणि दुपारी गाडी काढून पुढं जातो. दर्शन मंडप आणि पार्किंग कितीही मोठं केलं तरी ह्यात काय फरक पडणार, फारतर तो अजून लवकर जाईल. त्याला इथं एक रात्र थांबवायचं असेल तर पूर्ण जिल्हा एकत्र बघून प्लॅन करायला हवा.

शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं उदाहरण घ्या. बाराव्या शतकातलं शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वर मंदिर, स्वर्गमंडपात 48 खांब आणि मध्ये वर गोल उघडं आभाळ, त्रिपुरी पौर्णिमेला चंद्राचा उजेड त्या गोलातनं खाली उतरतो तेव्हा माणूस बोलायचं विसरतो. बाहेरच्या राज्यात असं मंदिर असतं तर त्याच्या नावावर अख्खा तालुका जगला असता. आणि आपण काय करतो, पौर्णिमेला एका रात्रीत सगळी गर्दी तिथं लोटतो आणि बाकी वर्षभर गाडी नसलेल्या माणसानं तिथं जायचं कसं हे सुद्धा धड सांगत नाही. अंबाबाईचं दर्शन झाल्यावर दुपारी एक एसटी निघाली, नृसिंहवाडी करून खिद्रापूरला गेली, मंदिर माहीत असलेला गावातलाच एखादा पोरगा गाईड म्हणून भेटला आणि रात्री गाडी परत आली, एवढं जरी झालं तरी तो माणूस त्या रात्री कोल्हापुरात थांबणार. ह्याला हजार कोटी लागत नाहीत, टाईमटेबल लागतं आणि शिरोळ तालुक्यातल्या लोकांना बैठकीला बोलवायला लागतं.

शहरात सुद्धा तसंच आहे. शाहू महाराजांच्या काळातलं खासबाग मैदान आहे, तालमी आहेत, पहाटेची लाल माती बघायला लोक लांबनं येतील पण पैलवानांच्या सरावात लुडबूड न करता ते कसं दाखवायचं हे वस्तादच सांगू शकतात. जून 2025 मध्ये प्राडा ह्या इटलीतल्या फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि एवढा गाजावाजा झाला, 2019 पासून कोल्हापुरीला जीआय टॅग (ती इथलीच असल्याची सरकारी ओळख) पण आहे, तरी पर्यटकाला ती बनताना बघायची असली तर कुठं जायचं ते सांगणारा एक धड बोर्ड मला शहरात दिसलेला नाही. चप्पल लाईनच्या बाजारात ती विकलेली दिसते, बनवणारा कारागीर दिसत नाही.

पन्हाळ्यावर तर माणसं राहतात, तो नुसता किल्ला नाही. घराची डागडुजी करायला परवानगी मिळणार का, हॉटेलं-टपऱ्यांचं काय, ही त्यांची भीती खरी आहे आणि तिला तोंडी आश्वासन पुरणार नाही, लेखी उत्तर पाहिजे. राधानगरी-दाजीपूरकडं पावसाळ्यात धबधब्यांवर जी गर्दी आणि जो कचरा होतो त्याबद्दल वेगळं लिहायला नको, गव्यांचं जंगल आहे ते, रोज किती गाड्या सोडायच्या ह्याचा आकडा ठरवाच.

आणि पूर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस बंद होता, 2021 ला परत तेच. पर्यटनाच्या नावाखाली पूररेषेत पार्किंग, यात्री निवास, लॉन आले तर पाणी पेठांत आणि शिरोळच्या गावांत शिरणार. नकाशावर पुराचं पाणी कुठवर येतं ते सांगणारी निळी आणि लाल पूररेषा आखलेली दिसल्याशिवाय एकाही बांधकामाला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून प्रशासनाला विनंती आहे की सगळा आराखडा, खर्चाच्या आकड्यांसकट, साध्या मराठीत, महापालिकेच्या प्रत्येक वॉर्ड ऑफिसात आणि पन्हाळा, शिरोळ, राधानगरीच्या तहसील कार्यालयात लावा, महिनाभर लोकांचं ऐका आणि कुठली सूचना घेतली, कुठली का नाही घेतली ते पण जाहीर करा. तुमच्या पेपरला पण विनंती, तो नकाशा मिळवा आणि पूर्ण पानभर छापा, मोठ्या अक्षरात, म्हणजे महाद्वारातल्या म्हाताऱ्या दुकानदाराला सुद्धा त्यात आपलं दुकान शोधता येईल.

आपला,
एक वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर