फी कोणाच्या पगारातून?

मनीषनगर, नागपूर
२२ जून

गड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी जयप्रकाशनगर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर होतो. एका खांद्यावर ऑफिसची बॅग, दुसऱ्यावर चिऊची. 'लायसनवालं पाळणाघर कसं शोधलंस बे?' असं तू विचारलंस आणि मी लिहून कळवतो म्हणून फोन ठेवला. तर आता लिहून राहिलो. वहिनींना सातवा लागलाय म्हणजे तुझ्याकडे अजून वेळ आहे. मी माझा वेळ नुसता घालवला. आपल्या हिची २६ आठवड्यांची रजा संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा कुठे मी हललो. आईचे गुडघे गेलेले, सासूबाई यवतमाळला सासऱ्यांच्या डायलिसिसमध्ये अडकलेल्या. 'आजी बघेल' हे वाक्य आमच्या घरात बंदच झालं होतं.

मी सात पाळणाघरं पाहिली. लायसन विचारलं की प्रत्येक ठिकाणी भिंतीकडे बोट. "हे काय टांगलं ना भाऊ!" जवळ जाऊन वाचलं तर गुमास्ता, म्हणजे दुकानाची नोंद. मोजकीच माणसं कामाला असतील तर राज्याच्या दुकान-आस्थापना कायद्याप्रमाणे ऑनलाइन नुसती सूचना द्यायची, पावती मिळते. किराणा दुकानाला जी पावती, तीच यांना. आत किती लेकरं आहेत, त्यांना बघायला किती बाया आहेत, याचा त्यात एक शब्द नाही. खाजगी प्लेस्कूलांसाठी राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाची नियमावली आहे, पण ती ३ ते ६ वर्षांच्या मुलांची. आमची चिऊ तेव्हा सहा महिन्यांची. केंद्राच्या पाळणा योजनेत सहा महिन्यांपासूनची मुलं घेतात, अंगणवाडीतच पाळणाघर. म्हणून आमच्या अंगणवाडीत गेलो. सेविकाताई हसल्या. "इथं नाही हो दादा अजून. पण तुम्ही पहिले बाप विचारायला आलेले."

तिसऱ्या जागेचं सांगतो, कारण ती मला आवडली होती. भिंतीवर हत्ती-जिराफ, दारात कॅमेरा, बोलणं गोड. मुद्दाम न कळवता मे महिन्यात दुपारी एकला गेलो, बाहेर ४५ अंश. आत सतरंजीवर अकरा लेकरं आडवी झालेली, एकच मावशी त्यांना थोपटत होती. कूलर जोरात चालू. त्याची मागची ताटी काढून भिंतीला टेकवलेली, पंपाची वायर चिकटपट्टीने जोडलेली, आणि खाली सांडलेल्या पाण्यात एक दीड वर्षाचं पोरगं हात आपटत बसलं होतं. नागपूरकराला कूलरचं सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात शॉक लागून कोणी ना कोणी गेल्याची बातमी असतेच. मी पोराला उचललं आणि प्लग काढला. मालकीणबाई म्हणाल्या, "पाणी भरायला काढली होती जी, लावतच होतो." कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे, कूलर त्याच्या पाठीमागे. तेव्हापासून मी भिंतीवरचे कागद वाचणं सोडलं. चपला काढल्या की आधी कूलर, मग संडास, मग गॅस.

आणि एक गंमत. सातांपैकी पाच ठिकाणी पहिला प्रश्न, "मॅडम नाही आल्या का?" एकीने तर फीसुद्धा सांगितली नाही. "मम्मीला पाठवा, त्यांना नीट समजावते." अरे, भरणार कोण आहे?

आता पैशाचं. शेवटी जे पाळणाघर ठरलं ते महिन्याला ८,५००, प्रवेशाचे १०,००० वेगळे, ते परत मिळत नाहीत. साडेसहाच्या पुढे गेलं की दर अर्ध्या तासाला १००. पहिल्या वर्षाचे १,१२,००० झाले, उशिराचे धरलेच नाहीत. करात काही सुटेल म्हणून सीएकडे गेलो. वजावटीत शाळेची ट्यूशन फी बसते, पाळणाघराची नाही. ते पण जुनी कररचना घेतली तर.

हा आकडा मी आईला सांगितला तर ती म्हणाली, "मग सूनबाईच्या हाती उरतं काय?" सासरे तेच म्हणाले. शेजारचे काका तेच. लाज वाटते सांगायला, पण एका रात्री मी स्वतः वहीवर तिचा पगार लिहून त्यातून ८,५०० वजा केले होते. हिने ते पाहिलं. काही बोलली नाही, पेन घेतलं आणि शेजारी माझा पगार लिहून त्यातून ८,५०० वजा केले. "तुझ्याही हाती फार उरत नाही रे. सोडतो का नोकरी?"

यात नुसते आईबाबाच दोषी नाहीत. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, असं २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात आलं. आमच्या मिहानमधल्या ऑफिसात आम्ही सहाशे. एका पाळणाघराशी करारही आहे. एचआरने गोड मेल पाठवला की ही सोय महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे. कायद्यातही दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा बाईलाच. हिच्या बँकेच्या शाखेत माणसं बारा, तिथे कोण विचारतं! केंद्र सरकारच्या नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, पण पुरुषाला ती एकटा पालक असेल तरच.

शेवटी फी माझ्या खात्यातून जाते, ऑटो-डेबिट. आईला तेवढंच सांगितलं. आता ती म्हणते, "तुझ्या हाती उरतं काय?" म्हटलं, हेच ऐकायचं होतं.

चिऊ रुळली. पहिले नऊ दिवस दारात रडली, दहाव्या दिवशी मावशीच्या पदरात तोंड घालून माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी मी मेट्रोत उज्ज्वलनगर ते खापरी डोळे पुसत गेलो, कोणाला सांगू नको.

तुमच्या पुण्यात कूलर फारसे नसतात म्हणून निवांत राहू नको. न कळवता जा, दुपारच्या जेवणाच्या वेळी जा, आणि मावशी किती महिन्यांपासून आहेत ते मालकिणीला नाही, मावशींनाच विचार. वहिनींना एकटीला पाठवू नको. आता सहा वाजत आले, साडेसहाच्या आत पोचलो नाही तर शंभर रुपये.

तुझा,
बाळ्या

ता.क. चिऊचा बाबागाडीचा सांगाडा ठेवलाय, दिवाळीत आलास की घेऊन जा. एक चाक कुरकुरतं.