नंबर लिहिणाऱ्या बाईला काय काय यावं लागतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दवाखान्यासाठी कंपाउंडर पाहिजे. बारावी पास. राहणार स्थानिक असावा.’ अशा छोट्या जाहिराती आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. असल्याच एका जाहिरातीवरून मी सव्वीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एका फॅमिली डॉक्टरांकडे लागले, ती अजून तिथंच आहे. औषधं घोटून पुड्या बांधणारा कंपाउंडर कधीच इतिहासजमा झाला, नाव तेवढं आमच्या माथी राहिलं. पेशंट मला ताई म्हणतात, औषध कंपन्यांचे एमआर मॅडम म्हणतात आणि नंबरावरून वाजलं की ‘ती बाहेर बसणारी बाई’.

या बाईला काय यायला हवं, हे त्या जाहिरातीत कधीच नसतं. तेवढ्यासाठी हे पत्र.

नंबर लिहिण्यापासूनच सुरू करते. पावसाळ्यातला सोमवार, बाकडी भरलेली. पन्नाशीचे एक गृहस्थ आले, अठ्ठाविसावा नंबर. म्हणाले, ‘‘ताई, पित्त झालंय, एखादी गोळी द्या, थांबत नाही मी.’’ डोक्यावर पंखा गरगरत होता आणि यांचं कपाळ ओलंचिंब. तळहात छातीवर दाबलेला. मी त्यांना तसंच आत नेलं. मागे लोकांनी गोंगाट केला, ‘वशिल्याचे पेशंट’ वगैरे ऐकून घेतलं. ईसीजीत हार्ट अटॅक निघाला. यात माझी हुशारी काही नाही. कामावर लागले त्या आठवड्यातच डॉक्टरांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद सरकवला होता: छातीत दुखून घाम, तोंड वाकडं किंवा जीभ जड, धाप, गरोदर बाईला रक्तस्राव, तीन महिन्यांच्या आतलं तापलेलं बाळ. यांना नंबर नाही. मेंदूत गुठळी अडकून अर्धांग झालं, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्यातला एक तास आमच्या बाकड्यावर गेला, तर तो कुणाच्या खात्यावर मांडायचा?

आता चुकीचं सांगते, नाहीतर फुशारकी वाटेल. दुसऱ्या वर्षातली गोष्ट. दहा किलोच्या बाळाला तापासाठी पॅरासिटॅमॉलचं सिरप लिहिलं होतं, पाच मिली. आईनं जाता जाता विचारलं, ‘‘घरी याचीच थेंबांची बाटली आहे, ती चालेल ना?’’ मी म्हटलं, ‘‘चालेल की, औषध तेच.’’ औषध तेच होतं, पण सिरपच्या पाच मिलीत होतं 125 मिलिग्रॅम आणि थेंबांच्या एका मिलीत 100. चमचा भरून थेंबांचं औषध पाजलं असतं, तर बाळाच्या पोटात चौपट गेलं असतं. आतून डॉक्टरांच्या कानावर पडलं म्हणून त्या बाईला जिन्यातून परत बोलावता आलं. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्या माझ्यापुढं ठेवल्या आणि कागदावर गणित सोडवायला लावलं. रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून कुणी ‘हे चालेल का’ विचारलं की माझं उत्तर एकच, ‘‘थांबा, आत विचारते.’’ आणि मुलांचं वजन मी स्वेटर-बूट उतरवून, काटा शून्यावर आहे का बघूनच घेते, कारण डोस वजनावर ठरतो.

बीपीचं तर विचारूच नका. जिना चढून आलेला माणूस, तोंडानं सुनेची कागाळी चालू, जाड शर्टाच्या बाहीवरूनच कफ गुंडाळलेला. असं घेतलेलं बीपी काय कामाचं? पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीला. दंड जाड आणि कफ लहान असेल तर आकडा आहे त्याहून जास्त येतो आणि माणसाच्या मागे नसती गोळी लागू शकते. हे शिकवायला अर्धा तास पुरतो. पण कितीतरी दवाखान्यांत तो अर्धा तास कुणी दिलेला नसतो.

लसींचा फ्रिज 2 ते 8 अंशांत ठेवायचा, दिवसातून दोनदा तापमान लिहायचं, त्यात कुणाचाही डबा ठेवायचा नाही. धनुर्वाताची किंवा काविळीची लस गोठली तर वितळवून वापरायची नाही, टाकायची. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या डब्यात. सुई टोचलीच तर साबण-पाण्यानं धुऊन लगेच सांगायचं, कारण एचआयव्ही टाळायची औषधं 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. मी स्वतः हिपॅटायटिस बी ची लस घेतली ती नोकरीच्या अकराव्या वर्षी. तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्याही.

कागदांचं काम लोकांना दिसतच नाही. टीबीचा पेशंट सापडला की सरकारला कळवणं 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नि-क्षय पोर्टलवर ती माहिती भरायला बसते मीच. पेशंटला महात्मा फुले योजनेतून मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, तर आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का, ते आधी बघून ठेवायचं. नाहीतर एकीकडं विठ्ठल, दुसरीकडं विठोबा आणि पोरगा ऐन वेळी तहसील कचेरीत. आणि रिपोर्ट आला की तो मोठ्यानं वाचायचा नाही! एचआयव्हीची माहिती फोडायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहेच. पण कायद्यात नसलं तरी गावात एका लग्न न झालेल्या मुलीचा लघवीचा रिपोर्ट बाकड्यापर्यंत ऐकू गेला तर काय होतं, ते मी दुसऱ्या एका दवाखान्याच्या बाबतीत पाहिलंय.

शिक्षणाची सोय अगदीच नाही असं नाही. कौशल्य योजनांमधून जनरल ड्युटी असिस्टंट तयार होतात, पण त्यांचा अभ्यास मुख्यतः खाटेवरच्या पेशंटचा. आमच्या दवाखान्यात खाटच नाही, टेबल आहे आणि रांग आहे. डॉक्टरांच्या संघटनांच्या तालुका शाखा औषध कंपन्यांच्या खर्चानं हॉटेलात व्याख्यानं ठेवतात. वर्षातले चार रविवार तशीच आमचीही शिकवणी घ्या. हॉटेल नको, शाळेचा वर्ग चालेल. धोक्याची लक्षणं, वजन-बीपी, फ्रिज, सुया, नोंदी, आणि काय करायचं नाही ते. हे शेवटचं सगळ्यात आधी, कारण दोन वर्षं टेबलाशी बसलं की स्वतःच डॉक्टर झाल्यासारखं वाटायला लागतं आणि डॉक्टर गावाला गेले की लोकही ‘ताई, तुम्हीच टोचा’ म्हणतात. मी टोचत नाही. यावरून दोन घरांशी बोलणं तुटलंय.

आणि शिकलेल्या बाईला पगारही शिकलेल्याचा द्यावा लागेल, हे डॉक्टरमंडळींना आवडणार नाही, तरी लिहिते.

आपली,
एक कंपाउंडर
(नाव-गाव छापू नये, ही विनंती.)

ता. क. – आमच्याकडं गेल्या महिन्यात नवी मुलगी लागली आहे. काचेखालचा तो कागद पिवळा पडून अक्षरं पुसट झाली होती. काल तिनं तो नव्यानं लिहून काढला आणि खाली एक ओळ वाढवून मला विचारलं, ‘‘ताई, साप चावलेला राहिला की हो?’’

राहिलाच होता.