भान बोलणाऱ्यांनी ठेवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलींनी पेहरावाचं भान ठेवावं, असा सल्ला देणारा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला आणि काल दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. मी अशोक चौकाजवळ बायकांचे कपडे शिवते, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिते.

कमरेला टेप लावला की मुली पोट आत ओढतात. त्या मापानं शिवलं तर हुक लागणार नाहीत, म्हणून प्रत्येकीला सांगावं लागतं, ‘सोड गं श्वास.’ ही धास्ती त्यांना सोबत आलेली माणसंच लावतात. गेल्या लग्नसराईत कॉलेजातली एक मुलगी आत्याबरोबर आली होती. मी दंडघेर घेत असताना आत्या सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली, ‘एवढ्या कापडात बसतंय का बगा, नायतर चादरच आणावी लागंल.’ बाकावरच्या बाया हसल्या. पोरीच्या दंडावर आलेला काटा माझ्या बोटांना लागला. सख्ख्या भावाच्या लग्नात तिनं तो ब्लाऊज घातलाच नाही. हे मला आत्यानंच नंतर सांगितलं, वर हट्टी म्हणून तिलाच नावं ठेवली.

दुसरी एक नर्स, रात्रपाळी करणारी. तिनं मागचा गळा खोल आणि वर नाडी सांगितली. तसाच गळा मी एका नव्या सुनेला शिवला, तेव्हा लटकनं सासूनं हौसेनं निवडली होती. ही मात्र पायरी उतरते न उतरते तोच बाकावरून आवाज आला, ‘नवऱ्यापासून वेगळी राहती की वो. रात्रीची कुठं जाती कुणास ठाऊक.’ ती तशीच मागे फिरली आणि म्हणाली, ‘ताई, गळा बंदच करा.’ रात्रभर लोकांची सलाईनं बदलणाऱ्या बाईला हे ऐकावं लागतं!

कपड्यांमुळे छेडछाड होते म्हणे. आमच्या भागातल्या विड्या वळणाऱ्या बाया डोक्यावर पदर घेऊन माल द्यायला जातात, त्यांना नाक्यावरचे शेरे चुकलेत का? बाईचे कपडे म्हणजे तिला हात लावण्याचं आमंत्रण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५०९ मध्ये, बाईच्या विनयाचा अपमान करायच्या हेतूनं बोललेल्या शब्दाला, केलेल्या हावभावाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. तिच्या अंगावर तेव्हा काय होतं, हे ते कलम विचारत नाही. तुमच्या लेखकांनी ते वाचलेलं दिसत नाही.

आणि विषय निघालाच आहे तर, त्याच अंकात आतल्या पानावर ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ असा मथळा होता. नवऱ्यानं पोलिसांना जे सांगितलं, तेच तुम्ही ठळक अक्षरात छापलंत. ती तर उत्तर द्यायला जिवंत नाही. तिच्या लेकरांनाही उद्या शाळेत हेच ऐकावं लागणार. ‘पतीकडून पत्नीचा खून’ एवढं छापून बातमी पुरी होत नाही का? याचं उत्तर तुम्ही स्वतः, याच सदरात द्यावं.

आपली,
एक शिवणकाम करणारी वाचक, सोलापूर